वाचकांचे प्रश्न : अनाहूत ईमेलचे टपालहशील कोण भरतो?

न मागता येणाऱ्या ईमेलविषयी, म्हणजेच स्पॅमविषयी, या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत आणि लांब पत्रांतील मुख्य प्रश्न तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलगा परदेशी गेल्यापासून ईमेल वापरू लागले. आता रोज तीस-चाळीस नको असलेले मेल येतात. वजन घटवण्याची औषधे, बिनव्याजी कर्ज, लागलेली लॉटरी, असेच सगळे. मी एकालाही कधी उत्तर दिलेले नाही आणि एका रुपयाची खरेदी केलेली नाही. मग हे लोक थांबत का नाहीत? आणि माझा पत्ता त्यांना दिला कोणी? (सांगली)

उत्तर : आपल्याला बेअरिंग पत्र नक्की आठवत असेल, काही घरांत त्याला नॉटपेड म्हणत. तिकीट न लावता टाकलेले पत्र आले की पोस्टमन दुप्पट हशील मागत असे आणि ते भरून पत्र घ्यायचे की परत धाडायचे, हे घेणारा ठरवीत असे. स्पॅमचे हशीलही घेणाराच भरतो, पण ते त्याच्याकडून न विचारता वसूल होते आणि पत्र परत धाडण्याची मुभा त्याला नसते. एक मेल पाठवण्याचा आणि एक लाख मेल पाठवण्याचा खर्च पाठवणाऱ्याच्या दृष्टीने जवळपास सारखाच असतो. तो मेल साठवणारे सर्व्हर, तो चाळणारी यंत्रणा, आपला डेटा आणि आपली सकाळची वीस मिनिटे यांचा खर्च मात्र इतरांनी सोसायचा असतो. आपण खरेदी केली नाही म्हणून त्याचे काही बिघडत नाही, कारण लाखांतल्या एखाद्याने केली तरी त्याचे भागते.

किती थोड्यांवर त्याचे भागते, हे एकदा प्रत्यक्ष मोजले गेले आहे. बर्कली आणि सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये ‘स्टॉर्म’ नावाच्या स्पॅमजाळ्याचा, म्हणजे मालकांच्या नकळत ताब्यात घेऊन स्पॅम पाठवायला लावलेल्या संगणकांच्या जाळ्याचा, एक छोटा भाग आपल्या नजरेखाली आणला आणि त्यातून जाणाऱ्या औषधांच्या जाहिरातींचा माग ठेवला. २६ दिवसांत सुमारे ३५ कोटी मेल गेले आणि खरेदीच्या टप्प्यापर्यंत पोहोचली अवघी २८ माणसे. कोणताही दुकानदार या आकड्यांवर दुकान बंद करील, पण ज्याला जाहिरातीचा खर्चच नाही त्याला ही २८ माणसेही पुरतात. याची दुसरी बाजू जस्टिन राव आणि डेव्हिड रायली या अर्थतज्ज्ञांनी २०१२ मध्ये मांडली. त्यांच्या अंदाजाने स्पॅममुळे अमेरिकेतील ग्राहकांना आणि कंपन्यांना वर्षाला जवळपास २० अब्ज डॉलरचा भुर्दंड पडत होता, तर स्पॅम पाठवणारे आणि त्याद्वारे माल खपवणारे यांची जगभरातील उलाढाल २० कोटी डॉलरच्या घरात होती. एक डॉलर मिळवण्यासाठी इतरांचे शंभर डॉलर वाया घालवणारा दुसरा धंदा शोधूनही सापडणार नाही.

हे दुखणे नवे नाही. ३ मे १९७८ रोजी ‘डिजिटल इक्विपमेंट’ या संगणक कंपनीतील विक्री अधिकारी गॅरी थुर्क यांनी अर्पानेट या तेव्हाच्या इवल्याशा जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण एकदम पाठवले. पत्ते छापील यादीतून हाताने टंकलेले होते आणि ते इतके झाले की पत्त्यांच्या रकान्यात न मावता मजकुरात सांडले. त्यावर मोठी ओरड झाली. पुढे १९९४ मध्ये अमेरिकेतील एका वकील दांपत्याने तेथील ग्रीन कार्डच्या सोडतीची जाहिरात हजारो चर्चागटांत एकाच वेळी टाकली आणि या प्रकाराला धंद्याचे रूप आले. ‘स्पॅम’ हा शब्द मूळचा १९३७ पासून विकल्या जाणाऱ्या डबाबंद मांसाच्या नावाचा आहे. १९७० च्या एका ब्रिटिश दूरचित्रवाणी प्रहसनात हाच शब्द इतक्यांदा उच्चारला जातो की बाकीचे संभाषण ऐकूच येत नाही. त्यावरून तो या कचऱ्याला चिकटला.

आता आपल्या पत्त्याविषयी. तो बहुधा कोणी एकाने दिलेला नाही. संस्थेच्या संकेतस्थळावर, स्मरणिकेच्या पीडीएफमध्ये किंवा माजी विद्यार्थ्यांच्या यादीत छापलेला पत्ता यंत्रे आपोआप टिपून घेतात. प्रदर्शनातील सोडतीसाठी भरलेली चिठ्ठी पुढे विकली जाते. एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळाची माहिती चोरीला गेली तर लाखो पत्ते एका फटक्यात बाजारात येतात. परिचिताच्या संगणकात शिरलेला घातक प्रोग्रॅम त्याच्या वहीतील सर्व पत्ते उचलतो. आणि काही पत्ते तर केवळ अंदाजाने बनतात, कारण नाव, आडनाव आणि जन्मसाल जोडले की कोणाचा ना कोणाचा पत्ता तयार होतोच.

आपण दोन गोष्टी कराव्यात. नको असलेला मेल नुसता खोडू नये, तर ‘स्पॅम म्हणून नोंदवा’ हे बटण दाबावे. खोडल्याने चाळणी काही शिकत नाही, नोंदवल्याने शिकते. दुसरे म्हणजे, मेलमधील चित्रे आपोआप उघडण्याची सोय बंद ठेवावी. पुष्कळदा मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारे, एका ठिपक्याएवढे चित्र दडवलेले असते. मेल उघडताच ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवले जाते आणि हा पत्ता जिवंत आहे, तो कोणीतरी वाचते, एवढी बातमी तिकडे पोहोचते. जिवंत पत्त्याला या बाजारात अधिक भाव असतो.

प्रश्न : मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. गेल्या महिन्यात काही सभासदांना माझ्या नावाने मेल आले की मी अडचणीत आहे, तातडीने पैसे पाठवा. शिवाय मी कधीच न पाठवलेले शेकडो मेल ‘पत्ता सापडला नाही’ अशा शेऱ्यासह माझ्याकडे परत आले. माझे खाते फोडले गेले आहे का? मी पासवर्ड बदलला, तरी शेरे येतच आहेत. (डोंबिवली)

उत्तर : आपल्यावर काय प्रसंग आला असेल याची कल्पना आहे; संस्थेच्या सचिवाकडे सभासद संशयाने पाहू लागले की साधी सभाही जड जाते. खाते फोडलेले नसतानाही असे घडू शकते. ईमेलची जी पद्धत आजही वापरली जाते, तिचा मसुदा जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिला. तेव्हा हे जाळे विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्यापुरते होते, बहुतेक लोक एकमेकांना ओळखत होते, आणि पाठवणाऱ्याने सांगितलेले नाव खरे मानून चालण्यात कोणालाच धोका दिसला नाही. परिणामी आजही ईमेलमधील ‘प्रेषक’ हा रकाना पाकिटाच्या मागे हाताने लिहिलेल्या पत्त्यासारखा आहे. ‘प्रेषक : जिल्हाधिकारी’ असे कोणीही लिहू शकतो, पोस्टमन त्याची शहानिशा करीत नाही, आणि पत्र पोहोचले नाही तर ते मागे लिहिलेल्या पत्त्यावरच परत जाते. आपल्याकडे परत आलेले शेकडो मेल म्हणजे कोणीतरी आपला पत्ता पाकिटाच्या मागे लिहून टाकलेली पत्रे आहेत. पासवर्ड बदलल्याने ती थांबत नाहीत, कारण त्यासाठी आपला पासवर्ड मुळात वापरलेलाच नसतो. अशी लाट सहसा काही दिवसांत ओसरते.

तरीही सभासदांना नेमकेपणाने मेल गेले, ही बाब मला अधिक गंभीर वाटते, कारण आपल्या ओळखीचे लोक कोण हे त्या भामट्याला ठाऊक होते. म्हणून खाते एकदा तपासाच. ‘पाठवलेले’ या कप्प्यात अनोळखी मेल आहेत का ते पाहा, अलीकडे कोणत्या उपकरणावरून खाते उघडले गेले याची यादी पाहा, आणि विशेषतः सेटिंगमध्ये आपले मेल दुसऱ्या पत्त्यावर परस्पर पाठवण्याचा एखादा नियम कोणी लावून ठेवला आहे का, याची खात्री करा. पासवर्ड बदलणारे बहुतेक जण हे शेवटचे काम विसरतात आणि चोराला खिडकी उघडी मिळते. त्यानंतर दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक खूण मागण्याची सोय, सुरू करा. सभासदांकडे आलेला मेलही मागवून घ्या आणि प्रेषकाच्या नावावर बोट ठेवून त्यामागचा खरा पत्ता वाचा. अनेकदा नाव आपले असते आणि पत्ता भलताच. तसे असेल तर आपले खाते त्यातून गेलेले नाही, हे सभासदांना कागदावर दाखवता येईल. एक गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे : पैशांची मागणी संस्था कधीही केवळ मेलवरून करणार नाही, अशी सूचना फलकावर लावावी.

प्रश्न : नको असलेल्या मेलच्या तळाशी ‘अनसब्स्क्राइब’ असते. ते दाबावे की दाबू नये? (नागपूर)

उत्तर : ज्या दुकानाशी वा संस्थेशी आपला खरोखर व्यवहार झाला आहे, त्यांच्या मेलमध्ये निर्धास्त दाबावे. अनोळखी मेलमध्ये कधीही दाबू नये, कारण तेथे त्या दुव्याचा उपयोग आपला पत्ता जिवंत असल्याची खात्री करण्यासाठी किंवा आपल्याला खोट्या पानावर नेण्यासाठी होतो. शक्य असेल तेथे मजकुराच्या तळाशी असलेल्या दुव्याऐवजी मेलसेवेने स्वतः वर, प्रेषकाच्या नावाशेजारी दिलेले बटण वापरावे.

प्रश्न : मी घरगुती मालवणी मसाला आणि कोकम आगळ ऑनलाइन विकते. मागणी नोंदवली की ग्राहकांना मेल जातो, पण मुंबई-पुण्याचे ग्राहक फोन करून सांगतात की तो स्पॅममध्ये पडला होता. आम्ही कोणालाही त्रास देत नाही, मग ही शिक्षा आम्हाला का? (कुडाळ)

उत्तर : स्पॅमच्या दुष्परिणामांत या बाजूकडे फारसे कोणी पाहत नाही. चाळणी जितकी बारीक करावी तितके कोंड्याबरोबर थोडे पीठही जाते. मुलाखतीचे बोलावणे, परीक्षेचे प्रवेशपत्र, आपल्यासारख्या छोट्या उद्योगाची पावती हे सारे त्या पिठात असते, आणि गेलेल्या पिठाची खबर पुष्कळदा कोणालाच लागत नाही. स्पॅम एकाने पाठवायचा आणि प्रामाणिक माणसाने स्वतःचा प्रामाणिकपणा सिद्ध करीत बसायचे, हा अन्यायच आहे. पण त्यावरचा उपाय आपल्या हातात आहे.

चाळणी कशी चालते ते आधी सांगतो. पूर्वी ‘मोफत’, ‘लॉटरी’ अशा ठरावीक शब्दांवर मेल अडवले जात. पाठवणारे लगेच अक्षरांत फेरफार करून निसटत. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाने अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक थॉमस बेझ यांच्या संभाव्यतेच्या सूत्रावर आधारलेली पद्धत सर्वांपुढे मांडली. मेलमधील प्रत्येक शब्द आजवर चांगल्या मेलमध्ये किती वेळा आला आणि वाईट मेलमध्ये किती वेळा, यावरून संपूर्ण मेलचे गुण ठरवायचे, आणि वाचक नोंदवील तसे यंत्राने शिकत जायचे. आजच्या चाळण्या याच्या कितीतरी पुढे गेल्या आहेत. जीमेल दिवसाला जवळपास १५ अब्ज नको असलेले मेल अडवते, असे गूगलने २०२३ मध्ये सांगितले. आता चाळण्या शब्दांइतकाच, किंबहुना अधिक, विचार पाठवणाऱ्याच्या ओळखीचा आणि पूर्वेतिहासाचा करतात.

आपला मेल नेमका येथेच अडतो. आपल्या दुकानाच्या डोमेननावावर, म्हणजे ईमेल पत्त्यात @ या चिन्हानंतर येणाऱ्या नावावर, तीन नोंदी असायला हव्यात. एसपीएफ ही नोंद सांगते की या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे. डीकेआयएम प्रत्येक मेलवर अशी गणिती मोहर उठवते की वाटेत मजकूर बदलल्यास ती जुळत नाही. डीमार्क ही तिसरी नोंद पहिल्या दोहोंवर आधारलेली असते, आणि तपासणीत न बसणारा मेल स्वीकारायचा, बाजूला टाकायचा की परत धाडायचा, हे ती समोरच्या सर्व्हरला सांगते. डोंबिवलीच्या पत्राला उत्तर देताना ज्या पाकिटाविषयी लिहिले, त्यावर लागलेला हा खात्रीचा शिक्का समजा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या. गूगलच्या बाबतीत दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक मेल जीमेल खात्यांना पाठवणारे या नियमात येतात. त्यांना एका दाबात नाव कमी करण्याची सोय द्यावी लागते आणि स्पॅम म्हणून होणाऱ्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राखावे लागते. हजार मेलमागे तीन तक्रारीही चालत नाहीत, यावरून नियमाचा काटेकोरपणा लक्षात यावा. आपला व्यवहार इतका मोठा नसला तरी या नोंदी करून घ्या. ज्यांच्याकडून डोमेन घेतले त्यांच्या नियंत्रण पानावर हे काम होते आणि जाणकाराला त्यासाठी तासभर पुरतो. आणि कोणी पन्नास हजार ग्राहकांचे पत्ते स्वस्तात देऊ केले तर घेऊ नका. त्या पत्त्यांवर एकदा मेल गेले की तक्रारींचा डाग आपल्या डोमेनला लागतो आणि तो पुसायला महिने जातात.

प्रश्न : अमेरिकेत, युरोपात स्पॅमविरुद्ध कायदा आहे. आपल्याकडे का नाही? (नाशिक)

उत्तर : अमेरिकेतील कायदा २००३ मध्ये झाला, पण तो आधी मेल पाठवण्याची मुभा देतो आणि नको असल्यास कळवण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकतो. युरोपीय संघाचा २००२ चा निर्देश उलट आहे : व्यक्तीची पूर्वसंमती नसेल तर जाहिरातीचा मेल पाठवताच येत नाही, अपवाद मुख्यतः आपल्याच जुन्या ग्राहकाला त्याच प्रकारच्या मालाची माहिती देण्यापुरता. मला युरोपची भूमिका न्याय्य वाटते, कारण ती हशील पाठवणाऱ्याकडे सरकवते.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६अ मध्ये एक पोटकलम होते, जे त्रास देण्यासाठी किंवा मूळ प्रेषकाविषयी फसवण्यासाठी केलेल्या ईमेललाही लागू होत असे. पण त्या कलमाची भाषा इतकी सैल होती की नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्याच पालघरमध्ये समाजमाध्यमावरील एका साध्या टिप्पणीसाठी दोन तरुणींना अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते संपूर्ण कलम घटनाबाह्य ठरवले. तो निकाल योग्यच होता. खेद याचा आहे की त्याबरोबर गेलेल्या ईमेलविषयक तरतुदीच्या जागी नेमकी, मर्यादित अशी दुसरी तरतूद आजवर आलेली नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे नियम आणि नकोशा जाहिराती थांबवण्यासाठीचा १९०९ हा क्रमांक फोन व एसएमएसपुरते आहेत. ईमेल त्यांत बसत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडून मला थोडी आशा आहे. दिलेली संमती, ती देणे जितके सोपे होते तितक्याच सहजतेने मागे घेता आली पाहिजे, असे तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. फसवणूक झाली असेल तर मात्र आजही कायदा आहे : तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायद्याबरोबर आणखी एका मार्गाचा विचार व्हायला हवा. ११ नोव्हेंबर २००८ रोजी स्पॅमजाळी चालवणारे सर्व्हर जिच्याकडे होते त्या कॅलिफोर्नियातील ‘मॅकोलो’ या एका कंपनीची इंटरनेट जोडणी तोडली गेली आणि जगातील स्पॅम एका रात्रीत निम्म्याहून कमी झाला. काही महिन्यांत तो परत आला हे खरे. पण २०११ मध्ये संशोधकांनी मालाच्या विक्रीपर्यंतचा पैशांचा मार्ग तपासला, तेव्हा स्पॅममधून विकल्या जाणाऱ्या औषधांचे, नकली वस्तूंचे आणि सॉफ्टवेअरचे ९५ टक्के व्यवहार मोजक्याच बँकांतून होत असल्याचे आढळले. संगणक लाखो असतात आणि ते बदलता येतात, पैसे स्वीकारणारी बँक सहजासहजी बदलता येत नाही. दबाव तेथे आणायला हवा.

प्रश्न : वडिलांना बँकेच्या नावाने मेल आला, त्यांनी दुव्यावर जाऊन माहिती भरली आणि खात्यातून पैसे गेले. ते आता कोणाशी बोलतही नाहीत. असा मेल ओळखायचा कसा आणि पुन्हा असे झाल्यास पहिल्या तासात काय करावे? (पुणे)

उत्तर : वडिलांना प्रथम हे सांगा की यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ते मेल आजकाल निर्दोष भाषेत, खऱ्या बोधचिन्हासह येतात, आणि ते लिहिणारी टोळी दिवसभर दुसरे काही करीत नाही. घरच्यांनी बोल लावला तर पुढच्या वेळी माणूस ते लपवतो, आणि लपवण्यात जो वेळ जातो त्यात पैसे हातचे जातात.

ओळखण्यासाठी मेलमधील दुव्यावर न जाता बँकेचा पत्ता स्वतः टंकावा. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ असा राखीव शेवट असलेली डोमेननावे आणली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना तिकडे जाण्यास सांगितले. संकेतस्थळाच्या नावात, सुरुवातीचे ‘https://’ सोडून, पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी जे शब्द असतात, ते खरे डोमेन. सुरुवातीला बँकेचे नाव आणि त्या जागी भलतेच काही असेल, तर ते पान बँकेचे नाही. रिझर्व्ह बँक स्वतः कोणालाही लॉटरीचे वा निधीचे मेल पाठवीत नाही आणि आयकर विभाग मेलवरून पासवर्ड किंवा पिन विचारीत नाही, हे त्यांनी वारंवार जाहीर केले आहे.

फसवणूक लक्षात येताच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतात आणि तक्रार लवकर पोहोचली तर ते मधल्या एखाद्या खात्यात गोठवता येतात. त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते व कार्ड थांबवावे आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः माहिती दिल्यामुळे पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते. म्हणून कळवल्याची वेळ नोंदलेली असणे महत्त्वाचे आहे. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार करावी आणि पासवर्ड वेगळ्या उपकरणावरून बदलावेत. तो मेल मात्र रागाने खोडू नये आणि कोणाला नुसता पुढेही पाठवू नये, कारण पुढे पाठवलेल्या प्रतीत तो कोणत्या सर्व्हरवरून आला हे सांगणाऱ्या मूळ नोंदी राहत नाहीत. ‘मूळ संदेश पाहा’ या पर्यायातून तो संपूर्ण उतरवून घ्यावा आणि तक्रारीला जोडावा.